कप्पा

गाडी म्हणजे घराचाच एक तुकडा,
दिरानं सांगितलं, एलॉयला पुरून आलो त्या दुपारी,
पोसोलेचा वाडगा मांडीवर सांभाळत.
म्हणून आत ठेव, झाकून ठेव, भरलेलं ठेव,
परवाना लागत नाही.
पण दार उघडून उतरलीस
आणि ते कोटाच्या खिशात घातलंस, की गुन्हा.
मग चमचा वर करून: "उंबरठा लक्षात ठेव, डेल्फीना."

मी शोधला तो उंबरठा.
दाराखालची रबरी पट्टी, एके जागी कुरतडलेली,
तिच्यात मागच्या हिवाळ्यातली वाळू.
तिच्या अलीकडे मी घरमालकीण,
पलीकडे आरोपी.
एवढीशी पट्टी.

एलॉयचं पिस्तूल मी कधी झाडलं नाही.
एकदा रिकामं करून पुसलं, तेवढंच.
हातांना दिवसभर त्या तेलाचा वास,
दोन्या प्रिमितिव्हाला अंघोळ घालताना सुद्धा.
"सायकलचं दुकान टाकलंस की काय?"
म्हातारी डोळे न उघडता म्हणाली.

मी मरणाऱ्यांकडे जाते. ते माझं काम.
रात्री दोनला, तीनला फोन येतो
आणि ओहो फेलिसच्या पुढचा रस्ता
वीस मैलांत एक दिवा दाखवतो, तोही कुणाच्या गोठ्याचा.
मागच्या सीटखाली मॉर्फिनची पेटी आहे
हे ज्यांना कळू नये त्यांनाच आधी कळतं.
म्हणून तो पुढचा कप्पा.
पुएब्लोची हद्द लागते तिथं कायदा त्यांचा,
मी अठरा मैलांचा वळसा घालते.
पेट्रोल माझ्या खिशातलं.

मार्चमधली रात्र. मागचा एक दिवा गेलेला,
मला पत्ता नाही.
आरशात निळं-तांबडं.
शेरीफचा पोरगेला शिपाई काचेपाशी,
टॉर्च माझ्या तोंडावर.
"गाडीचे कागद."

कागद कुठं असतात?
तुमचे कुठं असतात?
नोंदणी, विमा, टिश्यूचं पुडकं,
डबीत चिमायोची माती,
आणि या सगळ्यांवर, कागद उडू नयेत म्हणून ठेवावं तसं, ते.

दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.
मेलेल्यांच्या पापण्या मिटवणारे हात,
इतके जड ते मला कधी लागले नव्हते.
म्हटलं, कागद कप्प्यात आहेत.
कप्प्यात पिस्तूलही आहे.
कायद्यानं आहे.
तिसरं वाक्य उगाच बोलले.

त्याचा हात कमरेकडे गेला आणि तिथंच राहिला.
गाडीच्या छतावर टॉर्चचा उजेड थरथरायला लागला
तेव्हा कळलं, हा माझ्याहून जास्त घाबरलाय.
मग छातीवरची पाटी दिसली: आर्चुलेता.
याचा आजा नऊ दिवस माझ्या हाताखाली होता.
हा तेव्हा स्वयंपाकघरात उभा राहून
ट्रेमधला बर्फ खात होता,
एक एक खडा, कुणाशी न बोलता.

सांगावं वाटलं. नाही सांगितलं.
भरलेल्या कप्प्यासमोर ओळख काढणं
लाच दिल्यासारखं झालं असतं.

"तुम्ही हात लावू नका," तो म्हणाला,
"मीही लावत नाही."
आणि आम्ही दोघं त्या बंद झाकणाकडे बघत राहिलो,
खाटेवरच्या माणसाचा पुढचा श्वास येतो का
बघतात, तसे.

एक ट्रक गेला. गाडी हलली.
कागद न बघताच म्हणाला, दिवा बदला.

बदलला. चार डॉलर.
कागद आता वर, उन्हाच्या पट्टीला, रबर लावून.
माती पर्समध्ये, टिश्यू शेजारच्या सीटवर.
कप्प्यात ते एकटंच.
रस्ता खराब लागला की आतून वाजतं,
थांबून थांबून,
घरात कुणी आहे का
विचारावं तसं.